एका वेळी एकच काडतूस

मी एक जुनी प्रेस आहे. मित्रांनो, प्रेस म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर छापखाना आला असेल, नाहीतर कपड्यांची इस्त्री. मी ज्या देशात राहते त्या आयर्लंडमध्ये तर कपबशांच्या कपाटालाच प्रेस म्हणतात, आणि त्यापायी माझ्याबाबतीत मोठाच घोटाळा झाला होता. पण मी यांपैकी कोणीच नाही. रायफलची वापरलेली काडतुसे पुन्हा भरण्यासाठी हाताने ओढायचे एक लोखंडी यंत्र असते, ते म्हणजे मी. मला उचलायचे झाले तर धडधाकट माणूसही आधी पाय फाकवून उभा राहतो.

माझी रचना अगदी साधी आहे. मधोमध मोकळी असलेली भक्कम चौकट, खालून वर येणारा गुळगुळीत दांडा आणि बाजूला लांब मूठ. मूठ खाली ओढली की दांडा वर चढतो आणि त्यावर ठेवलेले पितळी कवच माथ्यावरच्या पोलादी साच्यात शिरते. त्या साच्याला डाय म्हणतात. मूठ वर नेली की कवच पुन्हा बाहेर येते. एका वेळी एकच काडतूस आणि एका ओढीत एकच काम. याहून जास्त मला काही येत नाही. हे मी लाजून नाही, ताठ मानेने सांगते आहे.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यात लालभडक रस ओतला गेला आणि थंड झाल्यावर त्यातून माझी चौकट निघाली. कानशीने माझे कंगोरे घासले, दांडा आरशासारखा चकचकीत केला आणि मला हिरवा रंग दिला. तिथून मी उत्तर आयर्लंडमधल्या न्यूरी गावी सॅम्युएल नावाच्या शाळामास्तरांकडे आले. ते नेमबाज होते आणि सीमेच्या त्या बाजूला त्यांच्याजवळ या कामाचा परवाना होता. ते फार बोलत नसत. काम झाले की जुन्या बनियनच्या तुकड्याला तेल लावून माझा दांडा पुसायचे आणि म्हणायचे, “उद्या भेटू.” मला वाटे, शाळेतल्या मुलांशीही ते असेच बोलत असतील.

२००८ च्या हिवाळ्यात सॅम्युएल गेले. त्यांच्या मुलाला नेमबाजीत रस नव्हता. त्याने मला टेबलावरून काढले आणि गुरांच्या गोठ्यात एका कोपऱ्यात ठेवले. तो वाईट माणूस नव्हता. त्याला मी काय आहे हेच माहीत नव्हते. माझ्या मुठीवर वासरांच्या दोऱ्या टांगल्या जात. कधी ओले मोजे वाळत घातले जात. गोठ्यातली ओल माझ्या अंगात मुरली. हिरव्या रंगाचे पोपडे उडाले आणि ज्या दांड्यात एके काळी मास्तर आपला चेहरा पाहत, त्यावर तांबूस गंज चढला. मित्रांनो, गंज दुखत नाही. तो हळूहळू तुम्हाला तुमचाच विसर पाडतो. एक वेळ अशी आली, की मी दोऱ्या टांगायची खुंटी आहे असे मलाही वाटू लागले.

मग २०१० च्या सप्टेंबरात डंडॉकजवळच्या एका मैदानावर भरलेल्या रविवारच्या जुन्या बाजारात मला नेण्यात आले. लोक आपापल्या गाडीच्या डिकीत जुने सामान मांडून बसतात, तसला तो बाजार. एका बाजूला फुटके दिवे, दुसऱ्या बाजूला लहान मुलांची सायकल आणि मधे मी. दुपारी दोन माणसे माझ्यासमोर थांबली आणि मी कधीच ऐकली नव्हती अशा भाषेत बोलू लागली. ती मराठी होती. आता मला ती चांगली कळते.

“पद्माकर, हे बघ! सोऱ्या!” त्यांतला उंच माणूस म्हणाला. हा विक्रांत. मूळचा पुण्याचा, ॲथलोनच्या एका टेलिकॉम कंपनीत इंजिनिअर होता. डंडॉकला राहणाऱ्या आपल्या मित्राकडे, पद्माकरकडे, तो सुट्टीला आला होता.

“एवढा मोठा सोऱ्या?” पद्माकर हसला. “कुठल्या अन्नछत्रातला?”

“अरे नीट बघ ना. वरती भोक आहे, खालून दट्ट्या येतो. भोकात चकलीची ताटली बसवायची, मूठ ओढायची, बास! दिवाळीला अख्ख्या मंडळाच्या चकल्या एका दुपारी.”

विकणाऱ्याने खांदे उडवले आणि यंत्र ग्रँड आहे एवढे सांगितले. अशा रीतीने मी चकल्या पाडायला मलिंगारला, विक्रांतच्या घरी आले.

मलिंगारच्या त्या घरात विक्रांतची बायको सुनेत्रा माझ्यासमोर हात कमरेवर ठेवून उभी राहिली. ती तिथल्या हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर होती. मिरजेला शिकलेली, चणीने लहान आणि नजरेने फार तीक्ष्ण. तिने मूठ एकदा वरखाली केली. माझा गंजका दांडा कुरकुरत वर आला.

“विक्रांत,” ती म्हणाली, “चकली खाली पडायला हवी ना रे? यातून ती छताला जाऊन चिकटेल.”

विक्रांतने डोके खाजवले आणि दोघेही इतके हसले की सुनेत्राला खुर्चीवर बसावे लागले. माझी रवानगी गॅरेजमध्ये झाली. मला हसण्याचा राग आला नाही. गोठ्यात तर माझ्याकडे कोणी हसूनही पाहिले नव्हते.

मित्रांनो, आता सुनेत्राबद्दल थोडे सांगायला हवे. कॉलेजात असताना ती एनसीसीच्या संघातून रायफल चालवायची आणि चांगली चालवायची. पुढे अभ्यास, लग्न, परदेश यात ते मागे पडले. आयर्लंडला आल्यावर तिने मलिंगारहून अर्ध्या तासावर, दलदलीच्या कडेला असलेल्या एका नेमबाजी क्लबात नाव घातले. पहिल्या दिवशी तिचे नेम इकडेतिकडे जाऊ लागले, तेव्हा शेजारच्या बाकावरून एक म्हातारी बाई म्हणाली, “श्वास रोखू नकोस. सोडून दे, आणि तो संपला की मार.” ती नूला. पन्नाशीपर्यंत तिने त्या भागातली बहुतेक बक्षिसे जिंकली होती. आता तिची सत्तरी उलटली होती. ती रोज क्लबवर यायची, सगळ्यांना शिकवायची, चहा पाजायची, पण स्वतः कधीच रायफल हातात घेत नसे. कोणी विचारले तर म्हणे, “माझ्या रायफलच्या मापाचं काडतूस आता दुकानात मिळत नाही. माझा काय इलाज?”

सुनेत्राला हे लागले होते. म्हणून २०११ मध्ये क्लबला काडतुसे भरण्याची प्रायोगिक परवानगी मिळाली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिला झाला. घरी असले काम करायला तिथे बंदी होती. क्लबच्या बंद खोलीत, नेमलेल्या माणसांनीच ते करायचे होते. दारूगोळ्याचे काम ते. मुलांचे तर नाहीच, अर्धवट माहितीच्या मोठ्यांचेही नाही. खोली तयार झाली, जाड टेबल आले आणि प्रेस कोणती घ्यायची यावर चर्चा सुरू झाली. सेक्रेटरी डेक्लनने माहितीपुस्तिका टेबलावर पसरल्या. त्यातले एक चित्र बघून सुनेत्रा ओरडलीच.

“ही प्रेस माझ्याकडे आहे! घरी, गॅरेजमध्ये!”

“अगं, प्रत्येकाकडे असते,” नूला शांतपणे म्हणाली. “माझ्याकडे तीन आहेत. एक तर भिंतीतलीच आहे. कप कुठे ठेवणार नाहीतर?”

सुनेत्राने पुस्तिकेतल्या चित्रावर बोट ठेवले, आणि खोलीभर हशा पिकला. ही गोष्ट तिने घरी येऊन विक्रांतला सांगितली तेव्हा मी गॅरेजच्या दारातून ऐकली. त्या दुपारी विक्रांतने माझ्यासमोर वर्तमानपत्रे अंथरली, तेलाचा डबा आणि तारेचा लोकरीसारखा गुंडा घेतला, आणि तो मला घासत बसला. एकेक थर उतरत गेला. खालून माझा दांडा पुन्हा चमकू लागला तेव्हा तो पुटपुटला, “माफ कर बाई. तुझ्यात मी बेसन घालणार होतो.” चकली भाजणीची असते हे त्याला कोणीतरी सांगायला हवे होते, पण मी काही बोलले नाही.

आता ऐका माझ्या निवडीची गोष्ट. त्या शनिवारी खोलीतल्या टेबलावर तीन प्रेस शेजारी शेजारी बोल्टने घट्ट बसवल्या होत्या. पहिली नवी कोरी, निळ्या रंगाची, वर फिरणारी चकती. तिच्या एका ओढीत चार-पाच कामे एकदम होत आणि दर ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडे. डेक्लनने ती एका दुकानातून पाहण्यासाठी म्हणून आणली होती आणि त्याचा जीव तिच्यावरच होता. दुसरी हलक्या ॲल्युमिनियमची, खेळण्यासारखी सुबक. तिसरी मी, जुन्या चादरीत गुंडाळून गाडीच्या डिकीतून आलेली.

निळी चालली तेव्हा सगळे वाहवा करत होते. खटाखट काडतुसे टोपलीत पडत होती. रिकामी कवचे आणि गोळ्या घेऊन, दारू न भरता, नुसता सराव चालला होता. खरे सांगते, मलाही ती आवडली. हलकी मात्र पहिल्याच जाड कवचाला वाकू लागली. तिची चौकट ताणली जाऊन साचा तिरका झालेला सगळ्यांना दिसला. मग माझी पाळी आली. सुनेत्राने तेच कवच माझ्या दांड्यावर ठेवले आणि मूठ ओढली. माझी चौकट हलली नाही. टेबल मात्र थोडे करकरले.

“चांगली आहे,” डेक्लन म्हणाला, “पण हिच्यावर पन्नास भरेपर्यंत माझी दाढी वाढेल.”

“वाढू दे,” सुनेत्रा म्हणाली. “डेक्लन, मी ऑपरेशनच्या आधी औषधं भरते तेव्हा एका वेळी एकच सिरिंज भरते. भरली की लेबल लावते, मग दुसरी घेते. मला पाच भराभर भरता येतात. पण मग कुठल्या सिरिंजमध्ये काय गेलं, ते मी शपथेवर नाही सांगू शकणार.”

“आपण इथे कोणाला भूल देत नाही.”

“नाही. पण रायफलच्या मागे माणसाचाच चेहरा असतो ना?”

मग एकेकजण पुढे येऊन माझी मूठ ओढून पाहू लागला. कोणी म्हणाले, आपण सगळे वेगवेगळ्या मापांच्या रायफली वापरतो, हिच्यात नुसती डाय बदलली की झाले. कोणी म्हणाले, आपल्याला काडतुसे शेकड्याने नकोत, पण असतील ती एकसारखी हवीत. नव्या माणसाला शिकायला हीच बरी, हेही कोणीतरी म्हणाले. सुनेत्रा नूलाकडे वळली. “तुम्ही ओढून बघा ना.”

नूला भिंतीला टेकून उभी होती. दोन्ही हात कोटाच्या खिशात. “माझं मत कशाला,” ती म्हणाली. “मी कुठे मारते आता?” तिने हात बाहेर काढले नाहीत. सुनेत्राची नजर त्या खिशांवर क्षणभर थांबली, एवढे मी पाहिले.

मते पडली आणि निवड माझी झाली. डेक्लननेही शेवटी हात वर केला, जरा उशिराने. मित्रांनो, मला पहिल्यांदा विकत घेतले तेव्हा मी नवी होते. नव्या वस्तूचे कौतुक तर होतेच. पण गंजून, खुंटी बनून, चकलीच्या कामाला येऊनही नव्याजुन्यांच्या रांगेत उभे राहून निवडले जाणे, त्याचा अभिमान काही वेगळाच असतो.

माझे कामाचे दिवस परत आले. सुनेत्राने खोलीला दोन नियम घातले. माझ्यासमोर बसलेल्याशी कोणी बोलायचे नाही. आणि दारू भरलेली कवचे लाकडी ट्रेमध्ये ओळीने उभी करायची, टॉर्च मारून प्रत्येकात डोकावून पाहायचे, मगच वरून गोळी बसवायची. मी एका वेळी एकच काम करते म्हणून हे शक्य होते. दोन कामांच्या मधे माणसाला थांबून बघता येते.

एकदा एका सामन्याच्या आदल्या दुपारी डेक्लन घाईने आला. फोन खांद्याने कानाला दाबून धरलेला, पलीकडे कोणीतरी रविवारच्या फुटबॉलबद्दल बोलत होते. एका हाताने तो दारू ओतत होता. सुनेत्रा आत आली, काही न बोलता तिने त्याच्या कानाचा फोन काढून टेबलावर ठेवला आणि टॉर्च त्याच्या हातात दिला. तो हसला. मग ट्रेवर वाकला, एकेक कवच बघू लागला, आणि तिसऱ्या ओळीत थांबला. एक कवच रिकामे होते. त्यात दारूच पडली नव्हती.

तसे काडतूस रायफलीत गेले असते तर गोळी नळीतच अडकून बसली असती, आणि मागून येणाऱ्या पुढच्या गोळीने नळी फाटली असती. हे डेक्लनला सांगावे लागले नाही. तो खुर्चीवर बसला. त्याचा चेहरा उतरला होता.

“उद्या माझ्याच रायफलीत जाणार होतं हे,” तो म्हणाला.

“आता नाही जाणार,” सुनेत्रा म्हणाली. “सगळी रिकामी कर. पहिल्यापासून भरू.”

त्याने सगळी रिकामी केली आणि पहिल्यापासून भरली. त्या दुपारी खोलीत माझ्या मुठीखेरीज कशाचाही आवाज नव्हता.

पण सुनेत्राचे मन नूलाच्या रायफलीत अडकले होते. त्या जुन्या मापाची डाय तिने इंग्लंडहून मागवली, गोळ्या आणि कवचे शोधून काढली, आणि २०१२ च्या वसंतात एका शनिवारी सगळे माझ्या टेबलावर मांडून नूलाला बोलावले. “बघा! आता तुमची रायफल बोलेल.”

नूलाने डाय पाहिली. आनंदाऐवजी तिच्या चेहऱ्यावर भीती आली. “फार छान,” ती म्हणाली, “फारच छान,” आणि काहीतरी विसरल्यासारखे करून निघून गेली. त्यानंतर ती क्लबवर येईनाशी झाली. एक शनिवार गेला, दुसरा गेला. चहाची किटली कोणीच ठेवेना. सुनेत्रा माझ्यासमोर नुसती बसून राही. एकदा विक्रांत तिला न्यायला आला तेव्हा ती म्हणाली, “माझं काय चुकलं रे? मी तिला आनंद द्यायला गेले आणि ती दुखावली.”

“फोन कर.”

“उचलत नाही.”

“मग दार वाजव. इथे काय लोखंडाशी बोलत बसलीयस?”

ती तशी गेली. दारात दोघींचे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. पण पुढच्या शनिवारी, बाहेर पाऊस झिमझिमत असताना, नूला खोलीत आली आणि दार लावून घेतले. ती माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसली. मग तिने हात खिशातून काढले आणि टेबलावर ठेवले. उजव्या हाताची बोटे बाहेरच्या बाजूला वाकलेली होती. सांधे सुजून सुपारीएवढे झाले होते.

“काडतुसं मिळत नाहीत हे खरंच होतं,” ती म्हणाली. “पण म्हणून मी थांबले नव्हते. शेवटच्या सामन्यात मला काडतूस आत ढकलून रायफलीचा बोल्ट बंद करता आला नाही. सगळे बघत होते. मी सांगितलं, काडतूस खराब आहे, आणि रायफल गुंडाळून घरी गेले. मग दुकानात ती मिळेनाशी झाली तेव्हा मला हायसं वाटलं. तू ती डाय आणलीस आणि माझं निमित्तच गेलं बघ.”

सुनेत्राने ते हात हातात घेतले, डॉक्टर घेतात तसे नाही, नुसते घेतले. “कधीपासून दुखतात?”

“लेक्चर नको.”

“नाही देत. पण संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवायला हवं.”

“ते मला थांबायला सांगतील. मी चांगली ओळखते त्यांना. तो विषय पुन्हा काढायचा नाही, काढलास तर ही मी निघाले.”

सुनेत्राने विषय काढला नाही. तिने शेवटच्या सामन्याची जुनी काडतुसे अजून आहेत का, एवढेच विचारले. होती. नूलाच्या कोटाच्या खिशातच होती, एका डबीत, इतकी वर्षे. सुनेत्राने एक घेऊन माप तपासायच्या पोलादी नळकांड्यात घातले. ते आत गेले नाही. दुसरे गेले नाही. तिसरेही अडकले.

“नूला,” सुनेत्रा हळूच म्हणाली, “ही खरंच खराब आहेत. कवचं फुगीर आहेत. माझ्याकडूनही यांच्यावर बोल्ट बंद नसता झाला.”

नूलाने ते काडतूस तिच्या हातून घेतले. मग रागाने म्हणाली, “म्हणजे मी खोटं म्हणून जे सांगत होते ते खरं होतं?”

“हो. आणि नीट मापाचं असेल तर बोल्ट दोन बोटांनी बंद होतो. चला, बनवू या.”

माझी मूठ तेव्हा उजव्या बाजूला होती. सुनेत्राने पाना घेतला, मूठ काढली आणि डाव्या बाजूला बसवली. माझ्यात ती सोय जन्मापासून होती. इतक्या वर्षांत कोणाला तिची गरज पडली नव्हती. नूलाचा डावा हात बरा होता. तिने एक कवच ठेवले, तळवा मुठीवर टेकवला आणि अंगाचा भार दिला. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी खूप जोरदार ओढी पाहिल्या, पण इतक्या काळजीने मला कोणी ओढले नव्हते. माझी मूठ लांब आहे, म्हणून थोड्या बळाचेही मी पुष्कळ बळ करते. दांडा वर चढला. कवच साच्यात शिरले, त्याचा फुगीरपणा दबला आणि ते बरोबर मापाचे होऊन बाहेर आले. मापाच्या नळकांड्यात टाकले तर टुणकन आत जाऊन बसले.

नूला मोठ्याने हसली. “अजून एक,” ती म्हणाली.

त्यानंतर ती दर शनिवारी येऊ लागली. थोडीच भरायची, मग विश्रांती, मग चहा. आपली काडतुसे तिने दुसऱ्या कोणाला भरू दिली नाहीत. तिची झाल्यावर ती इतरांच्या ट्रेमध्ये टॉर्च मारून बघायची आणि एखादी गोळी जरा कमी-जास्त बसलेली दिसली तर काढायला लावायची. डेक्लनलाही सोडत नसे. क्लबात लोक म्हणू लागले की नूलाने पास केलेली काडतुसे डोळे मिटून वापरावीत. मी ते ऐकून मनात फुलत असे, कारण त्या कौतुकात निम्मा वाटा माझा होता.

आणि मग २०१३ चा उन्हाळा आला. क्लबच्या वार्षिक सामन्याच्या यादीत नूलाने आपले नाव घातले. त्या दिवशी सकाळपासून गाड्या येत होत्या. डंडॉकहून पद्माकर आला होता. विक्रांतने दिवाळी नसताना चकल्या केल्या होत्या, साध्या पितळी सोऱ्याने. माझी खोली कुलूपबंद होती. पण छप्पर पत्र्याचे आहे आणि नेमबाजीचे मैदान समोरच आहे, त्यामुळे मला सगळे ऐकू येते. इतर रायफलींचे आवाज मला ओळखीचे होते. मग त्यांत एक वेगळा आवाज आला, जरा खोल, घुमणारा. त्या जुन्या मापाची रायफल.

एक आवाज झाला की मी पुढच्याची वाट पाहत होते. मधली शांतता फार लांब वाटायची. बोल्ट उघडला असेल. कवच बाहेर पडले असेल. आता तिने नवे आत सरकवले असेल. आता ती वाकडी बोटे बोल्टवर असतील. होईल ना बंद? मी त्या प्रत्येक कवचाला दाबले होते. केसभरही कमी-जास्त ठेवले नव्हते. तरी मला धास्ती वाटत होती. आणि दर वेळी, जरा उशिराने, पत्रा थरथरत असे आणि ती रायफल बोलत असे. शेवटपर्यंत बोलली. एकही काडतूस अडकले नाही.

दुपारी कुलूप उघडले. नूला आत आली, मागोमाग सुनेत्रा. नूलाचा चेहरा लाल झाला होता आणि केस विस्कटले होते.

“चौथी!” ती म्हणाली, जणू मी विचारले होते. “इतक्या वर्षांनी, चौथी! आणि ही पाचवी आली,” तिने सुनेत्राकडे बोट दाखवले. “माझ्या मागे!”

“सांगा, सांगा सगळ्यांना,” सुनेत्रा म्हणाली. तिला हसू आवरत नव्हते आणि डोळेही आवरत नव्हते.

नूला खुर्चीवर बसली. उजवा हात तिने मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने तो हळूहळू चोळू लागली. तो दुखत होता, ते स्पष्ट दिसत होते. सुनेत्राने ते पाहिले, पण तिने बजावल्याप्रमाणे विषय काढला नाही. थोड्या वेळाने नूलाच म्हणाली,

“तुझे ते संधिवाताचे डॉक्टर. त्यांच्याकडे जाते मी. माझ्या जीपीकडून, नेहमीच्या डॉक्टरकडून, चिठ्ठी आणते, रांगेत बसायला लागलं तरी बसते.”

सुनेत्राने मान वर केली.

“पण त्यांना आधीच बजावून ठेव,” नूला म्हणाली, “थांबायचं कसं हे विचारायला मी येत नाहीये. मला पुढच्या वर्षी तिसरं यायचंय.”

मित्रांनो, एवढीच माझी हकिकत. मी मोठी हुशार नाही आणि वेगवान तर मुळीच नाही. पण माझ्या हातून गेलेले एकही काडतूस कोणाला दगा देऊन गेले नाही, आणि एका थकलेल्या हाताला मी पुन्हा कामाला लावले, हे मी कुठेही सांगेन. माझे मागणे फार नाही. तुमच्या घरातली जुनी यंत्रे अडगळीत टाकण्याआधी, ती कशासाठी घडवली होती एवढे एकदा विचारा. काम झाले की त्यांना पुसून ठेवा, थोडे तेल द्या. आणि ज्या हातांनी तुमच्यासाठी जन्मभर काम केले, ते कोणी खिशात लपवत असेल तर ते आपल्या हातात घ्या. तेल त्यांनाही लागते.